पब वाचवणारे गाव आणि आमचे वाचनालय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात ‘पब संस्कृती’ हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार वाचनात येतो. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले, तेव्हापासून तर ‘पब’ म्हटले की अल्पवयीन मुलांच्या हातातले ग्लास, मध्यरात्रीनंतरही थरथरणाऱ्या खिडक्या आणि पोलिसांत तक्रारी देऊन थकलेले रहिवासी एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या रहिवाशांची तक्रार रास्तच आहे. माझी हरकत शब्दापुरती आहे. हे ज्या गोष्टीचे मूळ नाव, ती गोष्ट मी गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका खेड्यात पाच महिने जवळून पाहिली. पुण्यात आपण ज्याला पब म्हणतो त्याच्याशी तिचे साम्य नावापलीकडे फारसे नाही. मी सदाशिव पेठेत वाढलेली निवृत्त शिक्षिका असून मद्याला आजवर स्पर्श केलेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना कोणाला भलती शंका यायला नको.

माझी मुलगी आणि जावई ज्या गावात राहतात, तिथले टपाल कार्यालय बंद झाले आहे, शाळा शेजारच्या गावात गेली आहे आणि बस दिवसातून दोनदाच येते. उरले आहे ते चर्च आणि पब. पबात मी पहिल्यांदा गेले ती पार्सल आणायला. घरी कोणी नसले की पोस्टमन पार्सल तिथे ठेवून जातो. दोन बसक्या खोल्या, उंच माणसाला वाकावे लागेल इतके खाली आलेले तुळयांचे छत, कोळशाची शेगडी, तिच्यापुढे झोपलेले कोणाचे तरी म्हातारे कुत्रे आणि दाराबाहेर लाल सिंहाचे चित्र असलेली पाटी. लाल सिंह हे पबाचे नाव इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या ‘श्रीकृष्ण भुवन’इतके सार्वत्रिक असल्याने त्यावरून गाव कोणाला ओळखता येणार नाही. पब चालवणाऱ्या बाईंनी पार्सल देताना मला ‘लव्ह’ म्हणून संबोधले. त्या भागात हा शब्द आपल्या ‘काकू’सारखा सर्वांनाच लावतात, हे कळेपर्यंत मी जरा अवघडूनच होते.

पुढे माझे जाणे नित्याचे झाले. मी सोडा घातलेले लिंबाचे सरबत घेई, कधी जिंजर बिअर, जी नावापुरतीच बिअर असते. कोणी भुवई उंचावली नाही. अडचण आली ती ‘राउंड’ची. चौघे एकत्र बसले की पाळीपाळीने एकेकाने सर्वांसाठी पेये आणायची, आणि ज्याने इतरांच्या हातचे प्यायले पण आपली पाळी टाळली, त्याचे नाव गावात खराब झालेच म्हणून समजावे. माझी पाळी आली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांच्या बिअरचे पैसे दिले. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती. आता छापूनच आली तर इलाज नाही.

एकदा मी बाईंना विचारले, की ही बिअर गार का नसते. उत्तरादाखल त्या मला दगडी पायऱ्यांनी तळघरात घेऊन गेल्या. तिथे आडव्या ठेवलेल्या पिंपांत बिअर अजून आंबत असते. तळघराचे तापमान साधारण ११ ते १३ अंश राखावे लागते आणि पिंप उघडले की ते सुमारे तीन दिवसांत संपवावे लागते, नाही तर बिअर आंबूस होऊन टाकून द्यावी लागते. वर काउंटरवर जो लांब दांड्याचा हातपंप दिसतो, तो हीच बिअर तळघरातून ओढून घेतो. बाई तो सावकाश, एका लयीत ओढतात आणि ५६८ मिलिलिटरचा पाइंट भरला की फेस बसेपर्यंत क्षणभर थांबतात. इडलीचे पीठ ज्यांनी भिजवले आहे त्यांना हे गणित लगेच कळेल. जिवंत पदार्थ आहे, तो वेळेवर संपवणारी माणसे हवीत. रोज येणारे वीस-पंचवीस गिऱ्हाईक नसेल तर ही बिअर ठेवताच येत नाही, आणि गिऱ्हाईक रोज येते ते केवळ बिअरसाठी नाही. कोणाचा गुडघा बदलला, कोणाची मेंढी रस्त्यावर आली, कोणाची विधवा आई दोन दिवस दिसली नाही, या सगळ्याची नोंद तिथे राहते. दोन दिवस न दिसलेल्या त्या आजींच्या दाराशी तिसऱ्या दिवशी सकाळी सुपाचा डबा घेऊन कोण गेले, हे मी पाहिलेले आहे.

गुरुवारी प्रश्नमंजूषेची रात्र असे. चौघांचा संघ, माणशी एक-दोन पौंड वर्गणी, जमलेली रक्कम गावच्या कुठल्या तरी कामाला. बॅडमिंटनचे जुने नाव काय, असा प्रश्न एकदा आला तेव्हा उत्तर ‘पूना’ असल्याने आमच्या संघाला गुण मिळाला आणि मला फुकटचा मान. पण मला अधिक आठवतो तो दुसरा प्रसंग. एक वयस्क गृहस्थ कोणाबद्दल तरी म्हणाले, की तो आता पार ‘डूलॅली’ झाला आहे, म्हणजे त्याचे डोके फिरले आहे. मी त्यांना सांगितले, की हा शब्द आमच्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. गोऱ्या सैनिकांना मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहावे लागे आणि उकाडा, रिकामपण व आजार यांनी काहींची मती फिरे. गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, की माझे आजोबा तिथेच होते. पुढचा तासभर आम्ही देवळालीवर बोललो.

या संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगते. पूर्वी घरोघरी बायकाच एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, गाळत असत आणि गाळून तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडपाची फांदी बांधून वर्दी देत. १५५२ च्या कायद्याने अशा घरांना परवाना घेणे सक्तीचे झाले. १८३० मध्ये, लोकांनी जिन सोडून बिअरकडे वळावे या हेतूने, दोन गिनी भरून कोणाही करदात्याला घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि अशी घरे हजारोंनी उघडली. ‘पब्लिक हाउस’ या नावात ‘घर’ आहे ते उगाच नाही. पाट्यांवर चित्रे आली, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हते. १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरलेला दुसरा चार्ल्स एका ओकवृक्षात लपून बचावला, म्हणून जागोजागी ‘रॉयल ओक’ झाले. आपण पासोड्या विठोबा किंवा सोन्या मारुतीच्या खुणेने पत्ता सांगतो, तसे तिकडे पबाच्या खुणेने सांगतात. लंडनच्या भुयारी रेल्वेची एंजल, एलिफंट अँड कॅसल आणि स्विस कॉटेज ही स्थानके जुन्या पबांच्या नि सरायांच्याच नावाची आहेत. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार वेळेवर कामावर यावेत म्हणून दुपारी पब बंद ठेवण्याचा नियम आला. युद्ध चार वर्षांत संपले, पण इंग्लंडमधला हा नियम उठायला १९८८ उजाडले. ‘तात्पुरते’ या शब्दाचा सरकारी अर्थ सगळीकडे सारखाच दिसतो.

हे सारे वाचून पब म्हणजे सर्वांना सामावून घेणारे रामराज्य, असे कोणी समजू नये. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका प्रसिद्ध मद्यगृहात स्त्रियांनी काउंटरपाशी उभे राहून पेय मागायचे नाही, मागच्या खोलीत बसून राहायचे, असा दंडक होता. तो बेकायदा आहे असे अपील न्यायालयाने ठरवले ते १९८२ मध्ये. आपल्या लोकांचा अनुभव याहून कडू आहे. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना पबाच्या काही खोल्यांत बसू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जोहल आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध लढले. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले, तेव्हा जोहल त्यांना अशाच एका पबात घेऊन गेले आणि तिथे त्यांनाही पेय नाकारण्यात आले. त्याच वर्षी सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा संमत झाला. आज त्याच पट्ट्यात पंजाबी मालकांचे ‘देशी पब’ आहेत आणि तिथे बिअरबरोबर तंदुरी मांसाची थाळी खायला गोरे लोक रांग लावतात. ज्या दारातून आजोबांना परत पाठवले, त्या दाराची किल्ली नातवाकडे आली, असे काही ठिकाणी अक्षरशः घडले आहे.

मात्र ही दारेच आता झपाट्याने बंद होत आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, ते आज सुमारे पंचेचाळीस हजारांवर आले आहेत. सुपरमार्केटात मिळणारी स्वस्त बिअर, वाढता कर, २००७ ची धूम्रपानबंदी, करोना, विजेची बिले ही कारणे सर्वजण सांगतात. तेवढेच महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे कारण म्हणजे जागेची किंमत. १९८९ मध्ये सरकारने बड्या मद्यउत्पादकांची पबांवरील मक्तेदारी मोडण्यासाठी नियम केले, तेव्हा त्यांनी हजारो पब विकले आणि ते घेतले पबांची मालकी हाच धंदा असलेल्या नव्या कंपन्यांनी. त्यांतल्या काहींना पिंपापेक्षा भूखंड मोलाचा वाटू लागला, कारण चालता पब जेवढे भाडे देतो त्यापेक्षा त्याच जागेवर बांधलेल्या सदनिका अधिक देतात. पुणेकर वाचकाला हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही.

या संकटावर तिकडे शोधलेला उपाय मला आपल्या उपयोगाचा वाटतो आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. २०११ च्या लोकलिझम कायद्यानुसार एखादी जागा ‘समाजाच्या उपयोगाची मालमत्ता’ म्हणून स्थानिक परिषदेच्या, म्हणजे तिकडच्या पालिकेच्या, यादीत नोंदवता येते. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. स्थानिक मतदारयादीत नावे असलेल्या किमान २१ जणांचा साधा गटही अर्ज करू शकतो. नोंद पाच वर्षे टिकते. त्या काळात मालकाला जागा विकायची असेल तर त्याने परिषदेला कळवायचे. सहा आठवड्यांत एखाद्या स्थानिक गटाने आम्हाला ती घ्यायची आहे असे सांगितले, तर कळवल्याच्या दिवसापासून सहा महिने मालकाने ती इतर कोणाला विकायची नाही. तेवढ्या अवधीत लोकांनी पैसे उभे करायचे.

लंडनच्या नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ हा या यादीत आलेला पहिला पब. तो २०१२ मध्ये अचानक बंद करण्यात आला, रहिवाशांनी धावपळ करून नोंद मिळवली, कर्ज आणि भाग यांतून रक्कम उभी केली आणि २०१३ मध्ये ३७१ भागधारकांच्या मालकीचा पब म्हणून तो पुन्हा उघडला. त्याआधीच, २००३ मध्ये, कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने आपला ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर विकत घेतला होता. सहकार हा शब्द आपण महाराष्ट्रात साखर आणि दूध यांच्यासाठी राखून ठेवला आहे. गप्पा मारायची जागाही सहकारी असू शकते, हे मला तिथे जाईपर्यंत सुचले नव्हते.

या कायद्याला मर्यादा आहेत. तो फक्त वेळ मिळवून देतो. सहा महिन्यांनंतर मालक कोणालाही विकू शकतो, आणि कितीतरी गावांना पैसे जमवता येत नाहीत. म्हणून २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला स्वतंत्र नियोजन परवानगी आवश्यक केली आहे. परवानगी न घेता पाडले तर काय होते, याचे उदाहरण त्याआधीच, २०१५ मध्ये, लंडनच्या किलबर्न भागात घडले. ‘कार्लटन टॅव्हर्न’ या १९२० च्या दशकातील पबाला वारसा दर्जा मिळण्याच्या बेतात असताना मालक कंपनीने तो पूर्वसूचना न देता जमीनदोस्त केला. दंड भरून सुटता येईल असा हिशेब बहुधा असावा. परंतु वेस्टमिन्स्टरच्या परिषदेने आदेश दिला, की पब होता तसाच पुन्हा बांधून द्यायचा. वारसा दर्जाच्या कामासाठी इमारतीची बारकाईने नोंद झालेली होती, ढिगाऱ्यातून जुन्या विटा आणि फरशा वेचून काढण्यात आल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये तोच पब त्याच जागी पुन्हा उघडला. आपल्याकडे एखादा वाडा ‘आपोआप’ पडल्याची बातमी वाचते तेव्हा मला हे आठवते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत बायकांनी मतदान घेऊन दारूचे दुकान बंद पाडले आहे. उभी बाटली आणि आडवी बाटली या चिन्हांवरील त्या मतदानात आडव्या बाटलीमागे केवढे सोसणे असते, हे मी शाळेत आलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिलेले आहे. त्या बायकांना मी इंग्लंडच्या पबाची महती सांगायला जाणार नाही. आपल्याकडे गुत्ता घर मोडतो, तिकडचा पब गाव जोडतो, असे सोपे समीकरणही मी मांडत नाही, कारण दारूने मोडलेली घरे तिकडेही आहेत. पण एका गावाने दुकान आडवे करण्यासाठी मत दिले आणि दुसऱ्याने पब उभा ठेवण्यासाठी सह्या दिल्या, या दोन्हींत आपल्या गावातील जागेचे काय व्हावे हे गावाने ठरवले. आपल्या कायद्याने बंद करण्याचा अधिकार दिला. राखण्याचा दिलेला नाही.

राखण्यासारखे आपल्याकडे पब नाहीत, दुसरे बरेच आहे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली अमृततुल्ये घ्या. शेगडीशेजारी मांडी घालून बसलेला मालक, पितळी पातेल्यात उकळणारा वेलदोड्याचा चहा, फडक्यातून गाळलेली ती धार आणि पुढ्यातल्या बाकावर एकच वर्तमानपत्र पानापानाने वाटून वाचणारे पाचजण. संगमरवरी टेबलांची इराण्यांची हॉटेले घ्या. डेक्कनवर १९३५ पासून असलेले गुडलक सर्वांना माहीत आहे, पण लष्कर भागातील आणि पेठांच्या कडेची कितीतरी इराणी हॉटेले गेली आणि त्यांच्या जागी काय आले हेही लक्षात राहिलेले नाही. महापालिकेची वारसा यादी वाडे, देवळे आणि जुन्या इमारती यांची श्रेणी ठरवते. तिथे भिंतीचे वय मोजले जाते. भिंतीच्या आत रोज संध्याकाळी कोण बसते, याचा रकानाच त्या यादीत नाही. इंग्लंडच्या यादीत मात्र तोच रकाना मुख्य आहे, आणि तीत केवळ पब नसून गावची दुकाने, वाचनालये, इतकेच काय मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदानही २०१३ मध्ये नोंदवले गेले होते.

हे मी तळमळीने लिहिते आहे, त्याला घरचे कारण आहे. आमच्या पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर जुने वाचनालय होते. पुस्तके बेताची, पण दोन लांब बाके, सहा वर्तमानपत्रे आणि खिडकीपाशी बुद्धिबळाचा पट. वाड्याचा पुनर्विकास ठरला तेव्हा नव्या इमारतीत जागा देऊ असे तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितले तर ते मिळेना, म्हणून आम्ही वर्गणीदारांनी ४३ सह्यांचा अर्ज संबंधित कार्यालयात दिला. तीन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की सदर बाब खासगी मालमत्तेची असल्याने या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. इंग्लंडमध्ये त्या बाईंनी मला परिषदेचे नोंदणीपत्र दाखवले, ते त्यांनी चौकटीत घालून डार्ट्सच्या फळीशेजारी टांगले आहे. त्यांच्या अर्जावर किती सह्या होत्या, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, सव्वीस.

आपल्या दैनिकाने पेठापेठांतील अशा बसण्या-बोलण्याच्या जागांची यादी वाचकांकडून मागवावी, त्यांची छायाचित्रे व थोडी माहिती छापावी आणि ती यादी महापालिकेच्या वारसा समितीपुढे ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कायदा व्हायचा तेव्हा होवो; यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या वाचनालयाच्या जागी आता वाहनतळाचे शटर आहे. जुने सात-आठ वर्गणीदार संध्याकाळी समोरच्या बँकेच्या पायरीवर बसतो, वर्तमानपत्र घरून आणतो. साडेसात वाजले की बँकेचा रखवालदार बाहेरचा दिवा घालवतो आणि आम्ही उठतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे